बाहुल्या वाढवल्या म्हणून लढाई होत नाही

डॅनियल मर्सी यांचे ‘लायन रॅम्पंट’ हे नियमपुस्तक २०१४ साली ऑस्प्रे प्रकाशनाने काढले. मध्ययुगीन युरोपातल्या एखाद्या सरदाराने पन्नासेक माणसे घेऊन शेजाऱ्याची गुरे पळवावीत, गाव जाळावे, पूल अडवावा, अशा चकमकी टेबलावर लढवायचे हे नियम. पुस्तक छोटे आणि एका बैठकीत समजणारे. २८ मिलिमीटर मापाचे, म्हणजे साधारण इंचभर उंचीचे, प्लास्टिकचे किंवा धातूचे शिपाई रंगवणाऱ्या हौशी लोकांनी ते लगेच उचलून धरले. एका बाजूला २४ गुणांची फौज, त्यात पाच-सात तुकड्या, प्रत्येक तुकडीत ६ किंवा १२ शिपाई. संध्याकाळी खेळायला बसले की जेवणाच्या आत डाव निकाली.

पुढे हौशी माणसाचे व्हायचे तेच होते. शिपायांचा आणखी एक डबा येतो, मग तिरंदाजांची जादा तुकडी, मग समोरच्याची फौजही आपणच रंगवून काढतो. कपाटात दोन-तीनशे शिपाई जमले की कोणीतरी म्हणतोच, आता अझँकूर (इंग्रज-फ्रेंचांची १४१५ सालची लढाई) लढू या. नियम सगळ्यांना पाठ असतात, शिपाई तयार असतात, फक्त २४ ऐवजी १०० गुणांची फौज मांडायची. आणि तिथे डाव बसतो. दोन तास उलटले तरी इंग्रजांची उजवी बाजू जागची हललेली नसते, डावीकडे एका कुंपणापाशी दोनच तुकड्या एकमेकींना बडवत असतात, आणि चार खेळाडूंपैकी तिघे मोबाइल पाहत बसलेले असतात.

चकमकीसाठी लिहिलेले नियम मोठ्या लढाईला कसे लावायचे, यावर गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ डोकी चालली आहेत. त्या उपायांचा हा आढावा. माझे मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक जण शिपायांच्या संख्येचा हिशेब सोडवत बसतात. अडते ते हुकमांच्या हिशेबापाशी.

या छंदाच्या इतिहासात ही वाट आधी उलट्या दिशेने तुडवली गेली, ही यातली गंमत. १९७१ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन युद्धखेळाचे पुस्तक निघाले. त्यातला मुख्य हिशेब मोठ्या लढाईचा होता, एक बाहुली म्हणजे २० माणसे. त्याच पुस्तकात एक बाहुली म्हणजे एकच माणूस धरून समोरासमोरच्या झुंजीचे निराळे नियम होते, आणि शेवटी जादूगार-राक्षसांची एक पुरवणी. लोकांना फौजांपेक्षा तो एकटा माणूस आणि ती पुरवणी भावली. १९७४ सालचे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ त्याच मुळातून उगवले. मग चाक पुन्हा फिरले. त्या खेळातल्या वीरांना गढ्या मिळाल्या, राज्ये मिळाली, राज्यांबरोबर फौजा आल्या, आणि एकेका माणसाच्या जखमा मोजणाऱ्या नियमांनी हजारोंच्या फौजा झुंजवायच्या कशा हा पेच उभा राहिला. गायगॅक्स यांनी १९७६ साली ‘स्वोर्ड्स अँड स्पेल्स’मध्ये त्याला उत्तर दिले ते सरासरीचे: एका माणसाचे सरासरी नुकसान काढा, माणसांच्या संख्येने गुणा, फासे टाकूच नका. गणित बिनचूक, पण खेळणाऱ्याच्या हातातले फासेच काढून घेतले तर तो टेबलाशी कशाला येईल? १९८५ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्याच कंपनीने ‘बॅटलसिस्टम’ काढून पुन्हा प्रयत्न केला. म्हणजे आज लायन रॅम्पंटवाला ज्या भिंतीला धडकतो, तिला त्याचे आजे-पणजेही धडकले होते.

आता मापांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त वाद त्यांवर होतात आणि त्यांतले निम्मे फुकटचे असतात.

चकमकीच्या खेळात एक बाहुली म्हणजे एक माणूस, असे पुस्तक सांगते. पण त्याच पुस्तकात तिरंदाजाचा पल्ला १८ इंच दिलेला असतो. लाँगबोचा, म्हणजे लांब धनुष्याचा, लढाईतला पल्ला ढोबळमानाने २०० मीटर धरला, तर टेबलावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे अकरा मीटर. नेहमीचे टेबल ६ फूट बाय ४ फूट, म्हणजे ७२ इंच लांब. हिशेब केला तर ते ८०० मीटरचे मैदान होते. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी अझँकूरला दोन रानांच्या मधे जी मोकळी शेते होती, त्यांची रुंदी साधारण एवढीच धरतात. म्हणजे जमिनीच्या मापाने पाहिले तर चकमकीचे टेबल पहिल्यापासूनच अख्ख्या लढाईएवढे होते. आपण त्याच्यावर पन्नास माणसे उभी करून त्याला चकमक म्हणत होतो, एवढेच.

हे एकदा ध्यानात आले की बाहुलीमागे किती माणसे हा प्रश्न बराच सोपा होतो. १२ तिरंदाजांची तुकडी दोन रांगांत उभी केली की तिचा मोहरा सुमारे ६ इंच, म्हणजे ६६ मीटर. मीटरभर जागेत एक माणूस आणि मागे पाच रांगा धरल्या, तर त्या जागेत ३३० तिरंदाज मावतात. बारा बाहुल्या म्हणजे तीनशेच्या वर माणसे, असे गृहीत धरून चालायला हरकत नाही, आणि त्यासाठी नियमातला एक शब्दही बदलावा लागत नाही. पाच हजार तिरंदाजांसाठी पंधरा तुकड्या झाल्या. त्यांचा मोहरा ९० इंच, टेबल ७२ इंच, आणि मधे चिलखती माणसांना जागा द्यायची ती वेगळीच. बसत नाही! पण हा दोष नियमांचा नव्हे. अझँकूरला तिरंदाज दोन्ही टोकांना होते की फौजेच्या भागांच्या मधे पाचरीसारखे, आणि किती खोल रांगांत, यावर इतिहासकारांचेही एकमत नाही. इंग्रजी फौज सहा हजारांची होती की नऊ, इथपासून वाद आहे. टेबलावर जागा कमी पडते तेव्हा आपण त्याच वादात पाय ठेवलेला असतो, आणि मला तरी हा या छंदातला सगळ्यात चांगला क्षण वाटतो.

घरे-कुंपणांचा बाऊ करू नये. या मापाने चार इंचांचे झोपडे पंचेचाळीस मीटर लांब होते, म्हणजे ते झोपडे उरत नाही, त्याला वाडी समजायचे. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा मावळा उंच असतो आणि कोणाचे काही बिघडत नाही, तेवढी उदारता इथेही ठेवावी. मात्र चकमकीसाठी टेबलावर जेवढी झाडे, भिंती आणि खड्डे मांडतो, त्यातले बरेचसे मोठ्या लढाईत उचलून ठेवावेत. मध्ययुगातले सेनापती मोकळी जमीन बघून लढायला उभे राहत. अडथळे असले तर ते बाजूंना असत, किंवा कूर्त्रेच्या ओढ्यांसारखे मुद्दाम समोर घेतलेले. १३०२ साली त्या ओढ्यांनी आणि फ्लेमिश पायदळाच्या भाल्यांनी फ्रेंच घोडदळाचे जे केले, ते टेबलावर दाखवायला ओढा एकच पुरतो. बाकी सगळा देखावा.

जागेसाठी एक स्वस्त युक्ती जुने लोक वापरतात: पुस्तकात जिथे इंच लिहिले आहे तिथे सेंटिमीटर वाचायचे. ७२ इंचांचे टेबल १८३ सेंटिमीटरचे होते, म्हणजे मैदान अडीच पट वाढले. त्याला १० किंवा ६ मिलिमीटरचे शिपाई लागतात आणि २८ मिलिमीटरची कपाटभर फौज आहे तशीच राहते, ही अडचण आहे. पण ज्याने अजून खरेदीच केलेली नाही, त्याला माझा सल्ला हाच. छोट्या शिपायांची गर्दी गर्दीसारखी दिसते. ब्रिटनमधल्या लीड्स इथल्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात अझँकूरच्या सहाशेव्या वर्षी, २०१५ साली, २८ मिलिमीटरचे हजारो शिपाई उभे करून सगळे रणांगण मांडले होते. ते पाहताना डोळे दिपतात हे खरे, पण एवढी गर्दी घरी कोण उभी करणार?

आता मुख्य दुखणे.

लायन रॅम्पंटमध्ये प्रत्येक तुकडीला काही करायला लावायचे तर दोन फासे टाकावे लागतात. चालायला अमुक, हल्ल्याला अमुक, बाण सोडायला अमुक, अशी प्रत्येकीची आकडेवारी असते. फासे पडले तर तुकडी हुकूम पाळते. नाही पडले, तर ती तुकडी जागची हलत नाहीच, शिवाय तुमची सगळी पाळीच संपते आणि समोरचा खेळू लागतो. लहान डावात या नियमाला तोड नाही. कोणाला आधी हलवायचे, भरवशाच्या तुकडीला की गरजेच्या तुकडीला, हा प्रत्येक पाळीचा जुगार असतो आणि त्यातच सगळी मजा आहे.

पण आकडे मांडून पाहा. दोन फाशांवर ६ किंवा जास्त पडण्याची शक्यता ३६ पैकी २६, म्हणजे ७२ टक्के. फौजेत सहा तुकड्या असतील तर एका पाळीत सरासरी सव्वादोन तुकड्या हलतात. म्हणजे दर तीन पाळ्यांत प्रत्येकीला एकदा तरी काम मिळते. आता तुकड्या चोवीस करा. सरासरी किती होते? अडीचच्या जरा वर. फौज चौपट झाली आणि हालचाल होती तेवढीच राहिली. एका तुकडीला सरासरीने नऊ पाळ्या वाट पाहावी लागते. ७ लागत असेल तर शक्यता ५८ टक्क्यांवर येते आणि सरासरी दीडच्याही खाली. बुद्धिबळात एका पाळीत एकच मोहरा हलतो, पण तिथे मोहरे सोळाच असतात आणि पट चौसष्ट घरांचा. इथे चोवीस तुकड्यांची फौज एका माणसाच्या नशिबावर खिळून राहते.

तेव्हा पहिला आणि सगळ्यात साधा उपाय हा की चुकलेल्या फाशाची शिक्षा सगळ्या फौजेला द्यायची नाही. मध्ययुगीन फौजा बहुधा तीन भागांत लढत. इंग्रज-फ्रेंच त्या प्रत्येक भागालाच ‘बॅटल’ म्हणत. आपल्या बखरींतली बिनी, गोल आणि चंदावल वेगळ्या काळातली, पण वाचकाला कल्पना यायला पुरेशी. मी इथे फळी म्हणेन. प्रत्येक फळीला चार ते सहा तुकड्या, तिचा एक सरदार, आणि तिची स्वतंत्र पाळी. फासा चुकला की त्या फळीचेच काम थांबते, शेजारची आपले नशीब आजमावते. मूळ नियम जसाच्या तसा राहतो, फक्त तो ज्या आकारासाठी लिहिला होता त्याच आकाराला लागू होतो. खेळाडू जास्त असतील तर एकेकाला एकेक फळी द्यायची. सहा जण, सहा फळ्या, एक टेबल. ही कल्पना कोणा एकाची नाही, जिथे मंडळी जमतात तिथे ती आपोआप सुचते. यात एक नको ते सुख आहे ते मात्र काढून टाकावे: एका बाजूच्या तिघांनी कानाशी लागून तासभर खलबते करणे. सेनापतीने डाव सुरू होण्याआधी काय ते सांगावे, नंतर चिठ्ठी पाठवावी आणि ती एक पाळी उशिरा पोचावी.

मोठ्या लढाईसाठीच लिहिलेल्या नियमांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी सोडवला आहे, आणि त्यांच्याकडून उसनवार करायला लाजू नये. रिक प्रीस्टली यांच्या ‘वॉरमास्टर’मध्ये (२०००) एकाच तुकडीला एका पाळीत पुन्हा पुन्हा हुकूम देता येतो, पण दर वेळी तो पाळला जाण्याची शक्यता घटते, आणि एकदा चुकला की त्या सरदाराचे तोंड त्या पाळीपुरते बंद. त्यांच्याच ‘हेल सीझर’मध्ये (२०११) हुकूम फासे टाकण्याआधी मोठ्याने बोलून दाखवावा लागतो. ‘टेकडीपर्यंत जा आणि थांब’ असे म्हणालात आणि फासे भरपूर पडले, तरी पलीकडे जाता येत नाही. ही युक्ती कोणत्याही नियमसंचाला चिकटवता येते आणि टेबलावर हशा पिकवते. इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धांवरच्या, अँडी कॅलन यांच्या ‘नेव्हर माइंड द बिलहुक्स’मध्ये प्रत्येक सरदाराचा पत्ता गड्डीत असतो आणि ज्याचा पत्ता निघेल तो हलतो. ‘सोर्ड अँड स्पिअर’मध्ये पिशवीतून दोन रंगांचे फासे काढतात. पत्ते आणि पिशवी दोन्हींत गोंधळ भरपूर आणि वाट पाहणे थोडे, म्हणून चार-सहा जणांच्या डावाला ती उत्तम.

पण माझ्या मते या सगळ्यांत अक्कलेचे काम केले ते १९९० सालच्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ने, ज्याला सगळे डी.बी.ए. म्हणतात. फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे नियम. फौज अवघ्या १२ पाटांची (पाट म्हणजे काही शिपाई एकत्र चिकटवलेली पट्टी), आणि दर पाळीला एक फासा. जेवढे पडेल तेवढे हुकूम. सहापेक्षा जास्त कधीच मिळत नाहीत, एकही पडू शकतो. वरवर पाहता लायन रॅम्पंटएवढीच टंचाई. फरक असा की एका हुकमात एक पाट हलवता येतो किंवा एकमेकांना खेटून उभी असलेली सगळी रांग. रांग सरळ आहे तोवर एका हुकमात आठ पाट पुढे जातात. रांग मोडली, कोणी मागे रेटला गेला, कोणी पुढे धावला, की प्रत्येकाला वेगळा हुकूम लागतो आणि हुकूम तर तेवढेच. सेनापतीचा ताबा लढाई पेटल्यावर का सुटतो, हे दहा पानांच्या विवेचनापेक्षा या एका नियमातून जास्त कळते. मोठ्या डावासाठी त्याच नियमांनी ३६ पाट, तीन सरदार आणि तीन फासे अशी सोय केली. लायन रॅम्पंटला हे कलम सहज लागते. फळीतल्या खेटून उभ्या तुकड्यांना चालण्यासाठी एकच फासेफेक, त्यांतल्या सगळ्यात मठ्ठ तुकडीच्या आकड्यावर. हल्ला मात्र ज्याचा त्याने.

इथे लायन रॅम्पंटचा एक दुसरा नियम आडवा येतो. दोन तुकड्यांत, मग त्या मित्राच्या असोत की शत्रूच्या, झुंज सोडता तीन इंचांचे अंतर हवे. चकमकीत हे ठीक आहे, टोळ्या विखुरलेल्याच असतात. लढाईत बारा तुकड्यांची रांग लावली की मधल्या अकरा फटींतच ३३ इंच खर्च होतात, म्हणजे अर्ध्याच्या आसपास टेबल. रांग दिसत नाही, दात पडलेला कंगवा दिसतो. पुष्कळ जण हा नियम सरळ रद्द करतात. तो मर्सींनी उगीच घातलेला नाही, हे विसरतात. त्या अंतरामुळे झुंज नेहमी एकास एक राहते, दोघांनी मिळून तिसऱ्याला गाठण्याचे किचकट नियम लिहावे लागत नाहीत. अंतर काढले की ते नियम तुम्हाला लिहावे लागतात. मी मधला मार्ग घेईन: एकाच फळीतल्या तुकड्या खेटून उभ्या राहोत, दोन फळ्यांत आणि शत्रूशी तीन इंच राहोत, झुंज एकास एकच. शेजारी मित्र-तुकडी खेटून असेल तर धीराच्या फाशाला, म्हणजे मार खाल्ल्यावर तुकडी टिकते का हे ठरवणाऱ्या फाशाला, एक गुण जादा. बाजू उघडी पडली की तो गुण जातो. एवढ्यात ढालींची भिंत उभी राहते आणि तिला भोक पडले की काय होते तेही दिसते.

झुंजीचे नियम मात्र मोठ्या लढाईला आश्चर्यकारक रीतीने पुरतात. तुकडी निम्म्याहून जास्त असेल तर १२ फासे, निम्मी किंवा कमी उरली तर ६. चिलखत जितके भारी, तितके जास्त वार एका माणसाला पाडायला लागतात. तुकडीत अकरा उरलेत की नऊ, याने काही फरक पडत नाही. म्हणजे नियमांच्या दृष्टीने तुकडी हीच एक गोष्ट आहे, माणसे नुसती मोजणीला. मग शिपाई एकेक उचलून बाजूला ठेवण्याऐवजी सगळी तुकडी एका पाटावर चिकटवा किंवा खाचा पाडलेल्या ट्रेमध्ये बसवा, आणि मागे एक छोटा फासा ठेवून नुकसान मोजा. ट्रे चांगला, कारण शिपाई पुन्हा सुटे होतात आणि पुढच्या आठवड्यात चकमक खेळता येते. वेळेचा मोठा तुकडा इथे वाचतो. पाट हलवायला एक हात लागतो, बारा सुटे शिपाई हलवायला बारा वेळा वाकावे लागते, आणि दर वेळी एकाचा भाला मोडतो.

‘सागा’चे काय, असे विचारणारे असतात, कारण २०११ साली स्टुडिओ टोमाहॉकने काढलेला अलेक्स ब्यूशेल यांचा हा खेळ आजही फार लोकप्रिय आहे. माझे उत्तर: त्याला मोठा करू नका. सागाचा जीव त्याच्या पटावर आहे. दर पाळीला खास चिन्हांचे फासे टाकायचे, ते पटावरच्या चौकटींत ठेवायचे, आणि त्यातून व्हायकिंगांचे किंवा नॉर्मनांचे खास डावपेच विकत घ्यायचे. फाशांना वरची मर्यादा असते. फौज दुप्पट केली तरी डावपेच दुप्पट होत नाहीत, निम्मी फौज प्रेक्षक होते. मर्यादा उठवली तर पटावर इतके फासे साचतात की एकेक पाळी म्हणजे हिशेबतपासणी. दोन मित्रांनी दोन पट घेऊन शेजारी शेजारी लढावे, तेवढे जमते. त्यापुढे वेगळे नियम घ्यावेत.

राहिला धीर. चकमकीत तुकडी मार खाते, डळमळते, सावरते किंवा पळते, आणि तिचे पळणे हा तिचा खासगी मामला असतो. लढाईत पळणे पसरते. १९ सप्टेंबर १३५६ रोजी प्वातिएला फ्रेंच राजपुत्राची फळी लढून मागे हटली, तेव्हा तिच्यामागची ऑर्लेआंच्या ड्यूकची फळी न लढताच मैदान सोडून गेली. राजा जाँ आपली फळी घेऊन तरीही पुढे आला आणि कैद झाला. ११८७ साली क्रूसेडांतल्या हत्तीनच्या लढाईत तहानेने व्याकूळ झालेले ख्रिस्ती पायदळ टेकडीवर चढून बसले आणि घोडदळासाठी खाली यायला तयार होईना. तुकडीच्या धीराचे कितीही फासे टाका, यातले काहीच टेबलावर दिसणार नाही. फळीचा धीर वेगळा मोजावा लागतो. साधा नियम पुरतो: फळीतल्या एक तृतीयांश तुकड्या गेल्या की दर पाळीला फळीने फासे टाकावेत, निम्म्या गेल्या की आकडा कडक व्हावा, आणि एक फळी मोडली की तिला पाहू शकणाऱ्या शेजारच्या फळीनेही एकदा टाकावेत. डी.बी.ए.त बारापैकी चार पाट गमावले, आणि समोरच्याचे त्याहून कमी गेले असतील, तर डाव हरतो. मध्ययुगातल्या लढायांचा निकाल शेवटचा माणूस पडेपर्यंत क्वचितच लांबला, आणि मोठ्या डावाचा सगळ्यात मोठा शत्रू रात्रीचे अकरा वाजणे हा असतो. दोन्ही कारणांनी फौज लवकर मोडलेली बरी.

सरदारांच्या द्वंद्वाचे आणि बढायांचे नियम काढून टाकावेत, असे गंभीर प्रकृतीचे लोक म्हणतात. मी म्हणेन ठेवा, पण डावाच्या सुरुवातीला. २३ जून १३१४ रोजी बॅनकबर्नच्या मैदानावर मुख्य लढाईच्या आदल्या दिवशी हेन्री डी बोहुन हा इंग्रज स्वार भाला रोखून स्कॉटलंडच्या राजावर धावला आणि रॉबर्ट ब्रूसने त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. फौजा पाहत होत्या. अशा द्वंद्वाचा निकाल दोन्ही बाजूंच्या पहिल्या धीराच्या फाशाला एकेका गुणाने लागू करावा. लढाई पेटल्यावर मात्र सरदार त्याच्या फळीतला एक तलवारबाज एवढाच, आणि तो पडला तर फळीने लगेच फासे टाकावेत.

एवढे सगळे बदलल्यावर कोणी विचारेल की मग सरळ हेल सीझर किंवा डी.बी.ए. का घेऊ नये? प्रामाणिक उत्तर: पुष्कळदा घ्यावे. एका बाजूला तीस तुकड्या झाल्या तर लायन रॅम्पंटला ताणण्यात अर्थ नाही. पण बारा ते अठरा तुकड्यांपर्यंत, आणि मंडळींना जुने नियम तोंडपाठ असतील तर, दुरुस्त केलेला जुना नियमसंच नव्या पुस्तकापेक्षा बरा चालतो. नवे नियम शिकण्यात पहिले दोन-तीन रविवार जातात, आणि तेवढ्यात निम्मी मंडळी गळतात. १८२४ सालच्या प्रशियाच्या ‘क्रीग्स्पील’सारखा लेखी हुकमांचा आणि पंचाचा मार्गही आहे. तो सगळ्यात खरा आणि सगळ्यात दुर्मीळ, कारण न खेळता दिवसभर पंचगिरी करायला तयार असलेला मित्र सहसा मिळत नाही.

सुरुवात कोणत्या लढाईने करावी? अझँकूर सगळ्यांना हवी असते आणि तीच सगळ्यात वाईट, कारण एक बाजू उभी राहते आणि दुसरी चिखलातून चालत येऊन मरते. मी १४ मे १२६४ ची लुइसची लढाई सुचवेन. राजा तिसऱ्या हेन्रीच्या तीन फळ्या, समोर उंचावर सायमन डी माँटफर्टच्या तीन आणि राखीव एक. फौजा दोन्हींकडे आटोपशीर. राजाच्या उजव्या फळीवर त्याचा मुलगा एडवर्ड होता. त्याच्या घोडदळाने माँटफर्टच्या डाव्या बाजूचे लंडनकर उधळून लावले आणि त्यांच्या मागे तो मैदानाबाहेर गेला. पुष्कळ वेळाने परतला तेव्हा बाप हरून मठात अडकला होता. पानिपतावर गोल सोडून पुढे धावलेले आठवणाऱ्या मराठी वाचकाला हे नवे वाटायचे नाही. लायन रॅम्पंटमधल्या जड घोडेस्वारांना शत्रू टप्प्यात दिसला की हुकूम नसताना झेप घेण्याची खोड आधीच आहे, तिला एवढेच जोडायचे की शत्रूची तुकडी पळवल्यावर तेच दोन फासे पुन्हा टाकायचे आणि ७ पेक्षा कमी पडले तर ती स्वारांची तुकडी टेबलाबाहेर. परत येण्यासाठी दर पाळीला एक फासा, ६ पडला तर आली. एडवर्ड ज्याच्या वाट्याला येईल त्याने चहाचे आधण ठेवायला हरकत नाही.